झोपेची वही

लाइट्स आउट 9.30 ला, पी.टी.ची शिट्टी 5.30 ला. पहिल्या टर्मला यांतले दोन तास मी पंख्याकडे बघत काढायचो. दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या फोनवर 'इन्सोम्निया कोच' पाहिले. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचे हे मोफत ॲप. त्यात गोळ्या नाहीत, विचार आणि सवयी बदलण्याची 'सीबीटी' आहे.

रोज सकाळी झोपेची नोंद करायची. आठ तास अंथरुणात, झोप सहा तास, म्हणजे 75 टक्के. उरलेल्या वेळात मेंदू शिकतो की पलंग ही काळजी करायची जागा आहे. म्हणून साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचे आणि डोळे जड झाले की परतायचे. उठायची वेळ रविवारीही तीच. (हे सर्वांत जड!) अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचाही भाग आहे, पण आपल्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. तो एम.आय. रूमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

डॉर्ममध्ये फोन नाही, म्हणून मी वही केली. हाउसमास्तर सरांनी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसायची परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात चार वेळा बाकावर गेलो. मागच्या आठवड्यात एकदाच, तेही आईचा फोन आला त्या रात्री.