सुपारीच्या बागेत फिल्मचा कॅमेरा

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्यासारख्या गावात भर दुपारीही उजेड सगळीकडे सारखा नसतो. सुपारीच्या बागेत गर्द सावली, आणि चार पावलांवर डोळ्यांत खुपणारा उन्हाचा कवडसा. ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा काळोखात, तर मागचं अंगण पांढरंफेक. माणसाचा डोळा हे सगळं सांभाळून घेतो. खिशात मावणारा ऑटोफोकस फिल्म कॅमेरा मात्र मोजक्याच गोष्टी पाहतो आणि तेवढ्यावर निर्णय घेऊन मोकळा होतो. घरोघरच्या कपाटांतून हे कॅमेरे आता पुन्हा बाहेर निघू लागले आहेत, तरुण मुलं हौसेनं रोल लावू लागली आहेत. ३६ फोटोंतले बरेचसे वाया गेले, की ‘कॅमेरा जुना झाला’ असं म्हणून तो परत कपाटात जातो. बहुतेक वेळा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

आपोआप फोकस करणारा, बाजारात आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा कोनिका सी३५ एएफ. त्यात हनीवेल कंपनीचं यंत्र होतं. ते समोरच्या दृश्याच्या दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवायचं, त्यामुळे त्याला पुरेसा उजेड लागायचा. १९७९ मध्ये कॅननचा एएफ३५एम आला आणि त्यानं वेगळी वाट धरली: कॅमेऱ्यातून अवरक्त किरण सोडायचा, तो वस्तूवर आपटून कोणत्या कोनातून परत येतो ते पाहायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. पुढच्या काळातले असंख्य छोटे कॅमेरे याच पद्धतीचे. जंगलात ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण किरण कॅमेऱ्याचा स्वतःचा असल्यानं अंधारामुळे फोकस चुकत नाही.

पण किरण ज्यावर आधी आपटेल तेच अंतर कॅमेरा खरं मानतो. झाडीतून पलीकडचं घर टिपताना मध्ये एखादी फांदी आली, तर फांदी स्पष्ट येते आणि घर पुसट. एसटीच्या बंद खिडकीतून काढलेल्या डोंगराचंही तेच होतं, कारण किरण काचेवरूनच मागे फिरू शकतो. दूरच्या दृश्याचं बटण असेल, तर अशा वेळी ते दाबावं. नाहीतर सरळ काच खाली करावी.

दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो हा सर्वांत जास्त फसणारा फोटो. साध्या मॉडेलांत फोकस चौकटीच्या मध्यावरच होतो, आणि मध्यावर असते दोन डोक्यांमधली मोकळी जागा. किरण तिथून निसटतो आणि मागची झाडं तेवढी नीट येतात. उपाय सोपा आहे. एकाच्या चेहऱ्यावर मध्य धरून बटण अर्धं दाबायचं, बोट न उचलता कॅमेरा हवा तसा वळवायचा, मग बटण पूर्ण दाबायचं. ही एक सवय लागली, तरी रोलमधले कितीतरी फोटो वाचतात.

फिल्म निवडताना या भागात ४०० आयएसओच घ्यावी, असं ठामपणे म्हणता येतं. सुपारीच्या सावलीत १०० आयएसओच्या फिल्मसाठी कॅमेऱ्याला सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं ठेवावं लागत असेल, तर ४०० वर ते काम साठाव्या भागात होतं. पंधराव्या भागात हात हलतोच. उन्हात गेल्यावर थोडा जास्त उजेड पडला, तरी रंगीत निगेटिव्ह तो सहन करते. कमी पडलेला उजेड मात्र तिला भरून काढता येत नाही. फिल्मच्या डबीवरचे काळे-चंदेरी चौकोन वाचून कॅमेरा आयएसओ ओळखतो. कोडॅकनं १९८३ मध्ये आणलेला हा डीएक्स कोड. सुट्या रिळातून हातानं भरलेल्या डबीवर तो नसतो, आणि मग पुष्कळ कॅमेरे ती १०० चीच समजतात.

झूम असलेल्या कॅमेऱ्याचा मोह सावलीत तरी टाळावा. झूम पुढे नेलं, की भिंगातून येणारा उजेड खूप घटतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं.

फ्लॅशबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. १९९७ चा ऑलिंपस म्यू-२ हा या जातीतला नावाजलेला कॅमेरा: ३५ मिलिमीटरचं एफ/२.८ भिंग, ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळचा फोटो. पण त्याचं झाकण बंद करून उघडलं, की फ्लॅश पुन्हा आपोआप पडण्याच्या स्थितीत येतो. तो नको असेल, तर दर वेळी बंद करावा लागतो. १०० आयएसओवर अशा फ्लॅशचा उजेड जेमतेम चार मीटर पोचतो, ४०० वर त्याच्या दुप्पट. याच तालुक्यातल्या उळवीच्या जत्रेत, माघातल्या गर्दीत, लांबून रथावर मारलेला फ्लॅश पुढच्यांच्या पाठी तेवढ्या उजळतो. बैलगाड्या घेऊन आलेल्यांच्या बैलांच्या तोंडावर तर तो पाडूच नये. याउलट ओट्यावरच्या त्या माणसासाठी, दिवसाउजेडी असला तरी, फ्लॅश मुद्दाम चालू करावा. अंगणही येतं आणि चेहराही.

जुना कॅमेरा विकत घेताना सेलची जागा उघडून हिरवट खार साचलाय का पाहावं, आणि भिंगावर टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधावेत. इथल्या पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू आहे. चामडी पाउचात ओल टिकून राहते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. फ्रीजमधली फिल्म काढल्याबरोबर उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

अर्धवट रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात ठेवू नये. रोल संपल्यावर मोटर तो उलटा गुंडाळते. तिचा आवाज पूर्ण थांबल्यावरच मागचं झाकण उघडावं. तालुक्याच्या गावी फिल्म धुणारा स्टुडिओ मिळणं कठीण, त्यामुळे रोल कुरियरनं बेंगळुरू किंवा मुंबईच्या लॅबकडे पाठवावा लागतो. पाठवताना सोबत चिठ्ठी जोडून निगेटिव्ह न चुकता परत मागाव्यात. फोनवर आलेला स्कॅन फिका वाटला, तर निगेटिव्हवरून दुसरा करून घेता येतो.