कागदाबाहेर जाणारं फूल

सात-आठ वर्षांच्या मुलाला फूल काढायला सांगितलं, की कागदाच्या मधोमध एक गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली देठ आणि दोन पानं येतात. हे पाहून काढलेलं नसतं. पाठ झालेलं असतं.

अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शाळांत ही सवय मोडायला जॉर्जिया ओकीफ (१८८७–१९८६) या चित्रकर्तीची मदत घेतात. १९२४च्या सुमारास तिने फुलं प्रचंड मोठी रंगवायला सुरुवात केली. १९३२ सालचं तिचं पांढऱ्या धोत्र्याचं चित्र चार फूट उंच आहे. आपण ओलांडून जातो तो धोत्रा! १९३९ साली हवाईत तिने जास्वंद आणि चाफाही रंगवला. ती स्वतः १९१२ ते १९१४ टेक्सासमधल्या अमारिलो इथल्या शाळांमध्ये कला शिकवत होती.

वर्गातला नियम साधा असतो: पाकळ्या कागदाच्या निदान तीन कडांबाहेर गेल्याच पाहिजेत. आधी खरं फूल हातात. पुठ्ठ्याला पाडलेल्या चौकोनी खिडकीतून ते जवळून न्याहाळायचं. चित्राची सुरुवात मधल्या केसरांपासून, कारण कडेपासून सुरुवात केली की फूल हमखास आक्रसतं. रेषा ऑइल पेस्टलने ठळक काढायच्या आणि वरून जलरंग सोडायचा. तेलकट रेषेवर पाणी ठरत नाही, त्यामुळे रंग आपापल्या पाकळीत बऱ्यापैकी राहतो.

मुलं आधी बिचकतात. ‘फूल कापलं जातंय’ ही तक्रार ठरलेली! तिथे शिक्षकाने घाई करू नये. पाकळी कडेला भिडते, मागची पोकळी वेगळ्या आकाराची दिसू लागते, आणि मूल त्या पोकळीलाही रंग शोधू लागतं.