मस्तिष्काघातोत्तर श्रवणदोष

मस्तिष्काघातोत्तर श्रवणदोष : रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने वा वाहिनी फुटल्याने मेंदूच्या एखाद्या भागास अकस्मात इजा होते, तिला मस्तिष्काघात (व्यवहारात अर्धांगवायूचा झटका) म्हणतात. त्यातून सावरत असलेल्या रुग्णांच्या श्रवणक्रियेत आढळणाऱ्या बिघाडांना ही संज्ञा लावतात. लुळा पडलेला हात वा वाकडे झालेले तोंड चटकन नजरेस येते. श्रवणातील उणीव तशी दिसत नाही. रुग्ण हाकेला ओ देत नाही, सांगितलेले करीत नाही, तेव्हा त्याची बुद्धीच गेली असे घरची माणसे मानू लागतात. त्याला ऐकूच येत नाही, की ऐकलेल्या शब्दांचा अर्थबोध होत नाही, हे आधी ठरवावे लागते. कारण दोहोंवरील उपाय भिन्न आहेत.

कानात उत्पन्न झालेले संदेश श्रवण तंत्रिकेतून (मज्जेतून) मस्तिष्क स्तंभात पोहोचतात. तेथून पुढे प्रत्येक कानाचे संदेश मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडे जातात व शंखक खंडातील (कानशिलाजवळील भागातील) श्रवणकेंद्रात येतात. या दुहेरी जोडणीमुळे एकाच गोलार्धातील आघाताने सहसा बहिरेपणा येत नाही. मात्र गोंगाटातून नेमके बोलणे वेचून घेणे आणि आवाजाची दिशा ओळखणे अवघड होऊ शकते.

एक कान अचानक बहिरा झाल्यास दोष बहुधा याहून खालच्या पातळीवर असतो. अंतर्कर्णाला रक्त पुरविणारी बारीक रोहिणी सामान्यतः अनुमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) एका रोहिणीची शाखा असते व तिला पर्यायी वाहिन्यांची पुरेशी जोड नसते. ती बंद पडताच बहिरेपणा, भोवळ, ओकारी व तोल जाणे ही लक्षणे उद्‌भवतात. काही रुग्णांत ती आघाताच्या इतर खुणांच्या आधी दिसतात. म्हणून उच्च रक्तदाब वा मधुमेह असलेल्या व्यक्तीत असे घडल्यास ‘पित्त झाले’ म्हणून वाट पाहणे धोक्याचे असते.

दोन्ही शंखक खंडांना इजा झाल्यास वल्कीय बधिरता येते. असे बहुधा दोन वेगवेगळ्या झटक्यांनी घडते. पहिल्यानंतर श्रवणात फारसा फरक जाणवत नाही, दुसऱ्यानंतर मात्र कान निरोगी असूनही रुग्ण बहिऱ्यासारखा वागतो. हिच्याशी संबंधित शब्दबधिरता ही विकृती विलक्षण आहे. आडॉल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये हे नाव रूढ केले, तर लूटव्हिख लिश्टहाइम यांनी १८८५ मध्ये तिचे शुद्ध रूप वर्णिले. अशा रुग्णाला दाराची कडी वाजलेली कळते, तो स्वतः नीट बोलतो, वाचतो, लिहितो. पण दुसऱ्याचे बोलणे त्याला परक्या भाषेसारखे वाटते. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या वाचाघातात याउलट रुग्णाचे स्वतःचे बोलणे व वाचनही बिघडते. संगीताची जाण मात्र भाषेबरोबर जातेच असे नाही. रशियन संगीतकार विसारिऑन शेबालिन यांची भाषा १९५९ च्या झटक्यानंतर गंभीरपणे बिघडली, तरी त्यांनी १९६२ मध्ये आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली.

तपासणीत प्रथम कानातील मळ पाहावा. रुग्णाला वार्धक्यामुळे आधीच कमी ऐकू येत होते काय, हेही विचारावे. श्रवणयंत्र घरच्या कपाटात राहून गेले आणि रुग्णालयात वाचाघाताची शंका घेतली गेली, असे प्रसंग घडू शकतात. श्रवणमापनात साधारणतः २५० ते ८,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकवितात. आवाज ऐकू येताच बोट वर करावे, एवढीच अपेक्षा असते. परंतु ही सूचनाच न समजल्यास निष्कर्ष चुकतो. तेव्हा ती खुणांनी करून दाखवावी, अथवा रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून नसलेली, मस्तिष्क स्तंभातील विद्युत्‌ प्रतिसाद नोंदविणारी चाचणी करावी. या चाचणीतून वल्कातील दोष मात्र कळत नाही.

कानाच्या दोषात श्रवणयंत्राचा उपयोग होतो. शब्दबधिरतेत आवाज मोठा करून लाभ नसतो. तेथे समोर बसून सावकाश बोलणे, ओठांच्या हालचाली दिसू देणे व मजकूर लिहून दाखविणे उपयोगी पडते. दोन्ही दोष एकत्र असल्यास वाचोपचार सुरू करण्यापूर्वी श्रवणयंत्र बसवावे. पहिल्या काही आठवड्यांत स्थिती पालटत असल्याने श्रवणमापन पुन्हा करणे आवश्यक असते.