नाव परभणीचं, दुवा कुणाचा?

भेंडीचं ‘परभणी क्रांती’ हे वाण १९८५ साली प्रसारित झालं. त्या काळी देशभर लावली जाणारी ‘पुसा सावनी’ ही भेंडी पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूपुढे टिकेनाशी झाली होती. मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिचा भेंडीच्या एका रानटी जातीशी संकर केला आणि त्या रोगाला दाद न देणारं वाण तयार केलं. आज बियाण्यांच्या ऑनलाइन दुकानांत, गच्चीवर भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या पानांवर, परराज्यांतल्या पीक-मार्गदर्शिकांत हे नाव जागोजागी भेटतं. पण त्या नावावर बोट ठेवावं आणि ते घडवणाऱ्या परभणीच्या विद्यापीठाचं पान उघडावं, असं क्वचितच होतं. नाव सगळीकडे पोहोचलं, दुवा मात्र मागेच राहिला. गूगलवर कोण वर दिसणार आणि कोण खाली, हे गेली पंचवीस वर्षं मोठ्या प्रमाणावर या दुव्यांवर ठरत आलं आहे. म्हणून त्यांचा मागोवा परभणीत बसून घ्यावासा वाटला.

१९९६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे दोन संशोधक विद्यार्थी ‘बॅकरब’ नावाच्या शोधयंत्रावर काम करत होते. तोवरची शोधयंत्रं मुख्यतः पानावर कोणता शब्द किती वेळा आला ते पाहत. शब्द कोंबले की पान वर जाई. या दोघांनी पानावर काय लिहिलंय याच्या जोडीला त्या पानाकडे बाहेरून कोण बोट दाखवतंय हे मोजायला घेतलं. कल्पनेचं मूळ ग्रंथालयात होतं. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला, त्यात कोणत्या शोधनिबंधाचा दाखला कोणकोणत्या निबंधांनी दिला याची नोंद असे. पेज-ब्रिन एक पाऊल पुढे गेले. दाखले किती, एवढंच न पाहता दाखला देणारा कोण, हेही त्यांनी हिशोबात धरलं. सोयरीक जमवण्याआधी आपण गावात चौकशी करतो तेव्हा दहा अनोळखी माणसांच्या ‘चांगलं आहे स्थळ’पेक्षा एका जाणत्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, आणि तो जाणता आहे हेही आपल्याला इतरांकडूनच कळलेलं असतं. त्यांनी पानांचं वजन मोजायला बनवलेल्या ‘पेजरँक’चं गणित तसंच आहे. प्रत्येक पान आपलं वजन आपण दिलेल्या दुव्यांत वाटून टाकतं. वाचक दुव्यामागून दुवा धरत भटकतो आणि मध्येच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. दुवा धरून पुढे जाण्याचं प्रमाण त्यांनी ०.८५ मानलं होतं. १९९८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गूगल ही कंपनी उभी राहिली.

या गणिताच्या तळाशी एक विश्वास होता: माणूस दुवा देतो तो त्याला ते पान मोलाचं वाटलं म्हणून. पुढच्या पंचवीस वर्षांचा इतिहास हा त्या विश्वासाचं काय झालं याचाच इतिहास आहे.

गूगल बाळसं धरत होतं तेव्हाच आमचा जिल्हा दुभंगला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि औंढा नागनाथ, नर्सी नामदेव ही मोठी ठिकाणं तिकडे गेली. पण जुन्या पुस्तकांतून आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून ‘औंढा नागनाथ, जिल्हा परभणी’ ही ओळ इंटरनेटवर चढली, एका पानावरून दुसऱ्यावर उचलली गेली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. मला यातून दुव्यांची एक मोठी मर्यादा दिसते. एखाद्या पानाचा आधार किती जणांनी घेतला हे दुवे सांगतात. त्यातली माहिती आजही खरी आहे का, हे त्यांना सांगता येत नाही.

मराठीपुढची अडचण त्याहून मुळातली होती. २००० च्या आसपास आपली बहुतेक वर्तमानपत्रं आपापल्या खास फॉन्टमध्ये संकेतस्थळं चालवत. पडद्यावर देवनागरी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन माळ साठवलेली असे. शोधयंत्राच्या दृष्टीनं तो मजकूर मराठी नव्हताच. परभणीच्या बाजारातला कापसाचा भाव, पूर्णेच्या रेल्वेचा प्रश्न, येलदरी धरणातला पाणीसाठा यांवर त्या काळात छापून आलेलं कितीतरी लेखन असं शोधाबाहेर राहिलं. प्रत्येक अक्षराला एकच सर्वमान्य संकेत देणारं युनिकोड रुळल्यावर हे बदललं. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून होतंच, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, २००४ मध्ये ‘मनोगत’ आणि २००७ मध्ये ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळं आली. तिथे लिहिणारी माणसं एकमेकांच्या लेखनाचे दुवे आवडीनं देत, आपल्या पानाच्या कडेला आवडत्या लेखकांची यादी लावत. स्टॅनफर्डच्या त्या दोघांच्या मनात जो दुवा होता, तो मराठीत मला या काळात सगळ्यात निर्मळ रूपात दिसतो. मात्र लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे नाहीतर परदेशातले होते. मराठवाड्यातून लिहिणारे थोडे, त्यामुळे मराठवाड्याकडे येणारे दुवेही थोडे.

इकडे इंग्रजी जगात दुव्यांचा बाजार भरला होता. गूगलनं २००० मध्ये ब्राउझरसाठी टूलबार काढला. त्यातली एक हिरवी पट्टी प्रत्येक पानाची किंमत शून्य ते दहा अशी दाखवे. जे मोजता येतं ते विकता येतं, तसं ‘पीआर सहा’ (म्हणजे पेजरँक सहा) असलेल्या पानावरचा दुवा अमुक डॉलरला, असे सौदे सुरू झाले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेला दुवा मोजायचा नाही असं ठरलं. विकिपीडियानं २००७ मध्ये आपल्या सगळ्या बाह्य दुव्यांना ती लावली. पण व्यापार थांबला नाही, आणि त्याची मजुरी मोठ्या प्रमाणावर भारतात आली.

या मजुरीबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे. आमच्यासारख्या जिल्ह्यांतून इंजिनिअरिंग किंवा बीसीएस करून पुण्याला गेलेल्या मुलांना हाताशी लागणाऱ्या पहिल्या नोकऱ्यांत ‘एसईओ एक्झिक्युटिव्ह’, म्हणजे ग्राहकाचं पान शोधयंत्रात वर आणायचं काम, ही एक होती. समोर एक्सेलची लांब यादी. तिच्यातल्या डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या सूच्यांमध्ये, जायचं, परदेशातल्या कुणा दंतवैद्याचं किंवा गालिचेवाल्याचं नाव, वर्णन, पत्ता भरायचा, कॅप्चा टाकायचा, ‘सबमिट’ करायचं आणि यादीत हिरवा रंग भरायचा. एकच लेख शब्द बदलून बदलून अनेक ठिकाणी चढवायचा. ‘अँकर टेक्स्ट’, म्हणजे ज्या शब्दांवर दुवा लावायचा ते, ग्राहकानं दिलेलेच हवेत. जो मजकूर कुणीही वाचणार नाही हे लिहिणाऱ्याला आधीच माहीत आहे, तो लिहिण्यात हुशार मुलांची उमेदीची वर्षं गेली. मला याची चीड येते. ज्या हातांनी दूरदेशीच्या गालिच्यांची वर्णनं लिहिली, त्या हातांना मानवतचा कापूसबाजार किंवा चारठाण्याची हेमाडपंती देवळं यांवर एक धड पान लिहायला कुणी पैसे दिले नाहीत.

मग पाडाव झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकान-साखळीचं प्रकरण बाहेर काढलं. ‘ड्रेसेस’पासून ‘बेडिंग’पर्यंत कितीतरी शोधांत ती महिनोन्महिने वर होती, कारण असंबद्ध पानांवर तिचे हजारो दुवे पेरलेले होते. गूगलनं तिला खाली ओढलं. २४ एप्रिल २०१२ रोजी असे पेरलेले दुवे पकडणारा ‘पेंग्विन’ हा बदल गूगलच्या क्रमवारीत आला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं गूगलनं सांगितलं होतं. पैसे देऊन लावलेले दुवे काढून टाकण्यासाठी आता धावपळ सुरू झाली. दुवे लावून देणाऱ्या काही डिरेक्टऱ्या ते काढण्याचेही पैसे मागू लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘हे दुवे माझ्या खात्यात धरू नका’ असं कळवायची सोय गूगलनं दिली. मग लोक दुव्यासाठी दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर लिहिलेल्या पाहुण्या लेखांकडे वळले. जानेवारी २०१४ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी तेही नासल्याचं जाहीर केलं. टूलबारमधली पट्टी २०१६ मध्ये बंद झाली, डीमॉझ ही माणसांनी जोपासलेली जुनी निर्देशिका मार्च २०१७ मध्ये.

त्याच काळात परभणीत जे घडलं त्याला कुणी एसईओ म्हटलं नाही. २०१३ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठाचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. ‘मकृवि’चं ‘वनामकृवि’ झालं आणि संकेतस्थळाचा पत्ताही बदलला. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेकडे येणारे जे काही थोडे, कुणीही विकत न घेतलेले दुवे होते ते शोधनिबंधांतले, कृषी खात्याच्या पानांवरचे, शेतकऱ्यांसाठी लिहिणाऱ्यांनी दिलेले. असे दुवे जुन्या पत्त्याला चिकटलेले असतात. पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण ठेवलं तर त्यांचं वजन नव्या पानाला मिळतं. ते न ठेवल्यास वाचक ‘पान सापडत नाही’वर थांबतो आणि वर्षांची पुण्याई वाया जाते. सरकारी संकेतस्थळांची पुनर्रचना होते तेव्हा महाराष्ट्रभर हे पुन्हा पुन्हा घडतं. माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत मोठं नुकसान विकत घेतलेल्या दुव्यांनी केलेलं नाही, ते या तुटलेल्या दुव्यांनी केलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं स्वस्त मोबाइल इंटरनेट आलं आणि शोधणारेच बदलले. नानलपेठेतल्या दुकानदाराला आता दुव्यांपेक्षा नकाशावरची जागा आणि ग्राहकांचे तारे महत्त्वाचे झाले. त्या गल्लीत फार शिरत नाही.

पाथरीचं मात्र थांबून पाहायला हवं. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डीनं बंद पाळला. त्या पंधरवड्यात पाथरीचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावावर एवढी पानं एकदम क्वचितच लिहिली गेली असतील. पण बातम्यांचे दुवे बहुतेक एकमेकांकडेच जात होते. वि. बा. खेर यांनी १९७० च्या दशकात पाथरीत येऊन साईबाबांच्या जन्मस्थानाच्या केलेल्या शोधाचा मुळापासून धांडोळा घेणारं, दोन्ही बाजूंची साधनं समोर ठेवणारं एखादं मराठी पान तेव्हा सहज हाती लागलं असतं, तर ते सगळे दुवे तिथे येऊन स्थिरावले असते. जन्मस्थानाचा वाद दुव्यांच्या संख्येनं सुटणारा नाही. निदान वाचकाला वाद समजला तरी असता.

आज चिंता वेगळीच आहे. ‘पीक विमा यादी’, ‘अनुदान कधी’ असं फोनवर टाइप करणारा सोनपेठचा किंवा पालमचा शेतकरी कित्येकदा सरकारी पानाऐवजी नक्कल केलेल्या मजकुराच्या खाजगी पानांवर जाऊन पोहोचतो. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा दिला तेव्हा तर अशा पानांना सुगीच होती. मे २०२४ मध्ये ‘टेकक्रंच’ या तंत्रज्ञान-वृत्तस्थळानं उघडकीला आणलं की अनेक राज्यांच्या ‘गव्ह डॉट इन’ पत्त्यांवरचे दुवे ऑनलाइन सट्ट्याकडे वळवले गेले होते. सरकारी पत्त्याला शोधयंत्रात मोठं वजन असतं, म्हणूनच त्याच्यावर ही धाड पडते. जुने, मुदत संपलेले पत्ते विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवणं गूगलनं मार्च २०२४ मध्ये नियमभंग ठरवलं. पण जिल्ह्याच्या, पंचायतीच्या, महाविद्यालयाच्या पत्त्याची मुदत कधी संपते याची वही कुणीतरी ठेवायला हवी, आणि ते काम गूगल करणार नाही.

चांगलं उदाहरणही परभणीचंच आहे. २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली. ती हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्यानं झाली आणि इक्रिसॅटनं तिच्याविषयी आपल्या पानांवर सविस्तर लिहिलं. हा असा दुवा आहे की जो मागावा लागत नाही. काम झालं, काम करणाऱ्यानं जोडीदाराचं नाव घेतलं.

ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतात शोधाच्या वर स्वतःच उत्तर लिहून देतं. कोणत्या पानांवरून ते उत्तर बांधलं याचे थोडे दुवे त्यात असतात. मराठीत विचारलेल्या शेतीच्या प्रश्नाला तिथे परभणीचं पान यावं असं वाटत असेल तर आधी ते पान हवं. वनामकृविचा खरीप मेळावा १८ मेला आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला भरतो. त्या मंडपात सोयाबीनच्या ‘एमएयूएस’ वाणांबद्दल शास्त्रज्ञ जे सांगतात ते फार मोलाचं असतं: कोणत्या जमिनीत, किती अंतरावर, किती दिवसांत काढणी. प्रत्येक वाणाला मराठीतलं एक पान द्यावं. त्यावर पैदास करणाऱ्या केंद्राचं नाव, प्रसारणाचं वर्ष, उणिवा आणि बियाणं कुठे मिळेल ते लिहावं. पीडीएफ नको, फोनवर उघडणारा साधा मजकूर हवा. पत्ता कृषी दैनंदिनीत छापावा आणि विद्यापीठाचं नाव पुन्हा कधी बदललं तरी तो पत्ता तसाच राहू द्यावा.