नेत्रतज्ज्ञ आणि टंकलेखनाची गती

सुरतेच्या दक्षिणेस सचिन येथे कारखान्यांचा मोठा परिसर आहे, आणि सुरतेच्या कामगारवस्त्यांत खानदेशी मंडळी पुष्कळ. अशा ठिकाणी डोळे तपासणाऱ्यास सूचना कधी गुजरातीत, कधी मराठीत टंकित करण्याची वेळ येते. त्याकरिता दोन कळफलक शिकण्याचे कारण नाही. १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट रचनेत दोन्ही लिपींचा ‘क’ एकाच कळीवर आहे. स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. एका लिपीत बसलेला हात दुसरीत चालतो, ही मोठीच सोय म्हणावयाची.

खरी कसोटी अंकांची. चष्म्याचा क्रमांक पाव डायॉप्टरच्या पायऱ्यांनी बदलतो. उणे एकच्या जागी अधिक एक पडले, तर फरक दोन डायॉप्टरांचा. १८० अंशांचा अक्ष १८ झाला, तर सिलिंडर अठरा अंशांनी ढळतो, आणि डोकेदुखी रुग्णाच्या वाट्यास येते. म्हणून गती प्रथम अंकांच्या कळांवर कमवावी. त्यांतील मधल्या ५ वर बारीक उंचवटा असतो. तेथे मधले बोट टेकवून, नजर पडद्यावर ठेवून, रोज थोडा वेळ चष्म्याचे क्रमांकच टंकावेत. चुका वाढल्या की हात आवरावा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, हे नेत्रतज्ज्ञांस कोणी सांगावे? रुग्णांना ते हेच तर बजावीत असतात!