एकच बोट, दोन लिप्या: हुबळी-धारवाडला माल पाठवणाऱ्यांसाठी



गेल्या हंगामातली गोष्ट. हुबळीच्या एका व्यापाऱ्याला आम्ही मालाची यादी पाठवली. कार्यालयातल्या संगणकावर टाइप केलेला मजकूर कॉपी केला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि गाडी सोडली. पलीकडे काय पोचलं? इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची खिचडी! कुठल्या क्रेटमध्ये काय आहे, किती किलो आहे, काही कळेना. गाडी पहाटे पोचली तेव्हा फोनाफोनी सुरू झाली. एक बाजू मराठीत बोलतेय, दुसरी कन्नडात, मध्ये दोघांचीही मोडकी हिंदी. तोवर बर्फ पाणी झाला आणि बांगड्याचा दर पडला तो पडलाच.

व्यापाऱ्याची चूक नव्हती, गाडीवाल्याचीही नव्हती. चूक आमच्या संगणकातल्या फॉन्टची, म्हणजे आमचीच. त्यानंतर आम्ही जरा बसून शिकलो. जे शिकलो ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

खिचडी का होते?

जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये संगणक ‘क’ हे अक्षर साठवतच नाही. तो एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवतो आणि फॉन्ट त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. समोरच्याच्या मोबाइलवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. कन्नडात जुन्या फॉन्टची हीच रडकथा. कर्नाटकात ‘नुडी’ नावाचं सॉफ्टवेअर खूप वापरलं जातं. त्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तुमच्याकडे आला तर तोही असाच विस्कटलेला दिसेल.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. यात जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. ‘क’ तो ‘क’च, मग फोन कुठल्याही कंपनीचा असो.

तपासायची रीत सोपी आहे. संगणकावर एक ओळ टाइप करा, ती कॉपी करून स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड. खिचडी दिसली तर फॉन्ट जुना. जुनी यादी तातडीनं पाठवायची असेल तर तिची पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा सोबत जातो, त्यामुळे अक्षरं टिकतात. पुढची यादी मात्र युनिकोडमध्येच लिहा.

मराठी आणि कन्नड: सख्ख्या बहिणी

आता गंमत बघा. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलाय, कन्नडलाही तेवढाच. देवनागरीच्या पट्ट्यात ‘क’ २२ व्या जागेवर आहे. कन्नडच्या पट्ट्यातही ‘क’ २२ व्याच जागेवर! ‘म’च्या जागी ‘म’, ‘न’च्या जागी ‘न’. अक्षरांची वळणं वेगळी, पण बाराखडीचा संसार एकच. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण जाहीर केलं, त्यातही हाच विचार होता.

याच विचारातून १९८० च्या दशकात ‘इनस्क्रिप्ट’ कीबोर्ड आला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि मराठीसाठी बसलेली बोटं कन्नडला जवळपास तशीच्या तशी चालतात.

करून बघा. इनस्क्रिप्ट मराठीवर ठेवा आणि इंग्रजीतल्या सी, आर, व्ही या बटणांवर ओळीनं बोट ठेवा. ‘मीन’ उमटेल. आता कीबोर्ड कन्नडवर न्या. तेच सी, आर, व्ही आणि शेवटी जी. कन्नड लिपीत ‘मीनु’ तयार, म्हणजे मासाच! कन्नड वाचता येत नसेल तरी बोटाला मासा लिहिता येतो.

एक फरक लक्षात ठेवा. कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. आपल्या सवयीच्या बटणांवर दीर्घ येतात. ऱ्हस्व ‘ए’साठी झेड बटण आहे. नुडीचा कीबोर्ड मात्र वेगळ्या मांडणीचा असतो, त्यामुळे हुबळीतल्या एखाद्या कार्यालयात बसलात तर आधी विचारून घ्या.

ही दोन भाषांची सवय त्या जुळ्या शहरांना नवी नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, आणि झाले कन्नडचे थोर कवी. त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तोही १९७३ चाच. एकाच गावात हे दोन्ही घडलं. मग आपल्याला दोन ओळींची पावती दोन भाषांत लिहायला काय हरकत?

संगणकावर कसं करायचं?

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा आणि ‘अ‍ॅड अ लँग्वेज’वरून मराठी व कन्नड दोन्ही घ्या. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. भाषा बदलायची तर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा. इनस्क्रिप्ट शिकायचा कंटाळा असेल तर २०१९ पासून विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्डही आहे, इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहा, मराठी उमटेल.

मोबाइलवर कसं करायचं?

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’मध्ये जाऊन मराठी आणि कन्नड जोडा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. बोटं जाड, बटणं बारीक, ही आपली कायमची तक्रार. त्यावर दोन उपाय आहेत. एक, हस्ताक्षराचा कीबोर्ड निवडा आणि बोटानं पडद्यावर लिहा. दुसरा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत बोलून लिहायची सोय आणली. होडीवर इंजिनाच्या आवाजात ती नीट ऐकत नाही, पण किनाऱ्यावर आल्यावर छान चालते.

भाषांतर: उपयोग करा, विश्वास बेतानं ठेवा

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा डाउनलोड करून ठेवता येतात. हे काम घरी, वायफायवर करा. घाटात रेंज गेली की तेव्हा हेच कामाला येतं. कन्नड पाटीवर किंवा पावतीवर कॅमेरा धरला तरी अंदाज येतो.

पण माशांच्या नावांबाबत सावध! यंत्र शाळेतली भाषा शिकलंय, बंदरावरची नाही. आपण हलवा म्हणायचं आणि पलीकडे गोड हलवा पोचायचा. म्हणून नावं आपणच लिहून ठेवलेली बरी. बांगडा म्हणजे कन्नडात बंगुडे, सुरमई म्हणजे अंजल, कोळंबी म्हणजे सिगडी, तारली म्हणजे किनाऱ्याकडची बूताई. गावागणिक नाव बदलतं, तेव्हा आपल्या व्यापाऱ्याकडून एकदा पक्कं करून घ्या.

मग ती नावं फोनमध्येच कायमची ठेवा. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘डिक्शनरी’, त्यात ‘पर्सनल डिक्शनरी’. तिथं कन्नड भाषा निवडून व्यापाऱ्यानं पाठवलेलं कन्नड नाव चिकटवा आणि शेजारी एक छोटी खूण द्या. पुढच्या वेळी नुसती खूण टाइप केली की पूर्ण नाव वर सुचवलं जातं. दहा-बारा नावं भरायला अर्धा तास लागतो, हंगामभर पुरतो.

आणि वजन, दर, क्रेटची संख्या नेहमी आकड्यांत लिहा. शेवटी मजकूर पाठवण्याआधी कन्नड वाचणाऱ्या एका माणसाला दाखवा. यंत्राचं भाषांतर करारावर किंवा बँकेच्या कागदावर सही करण्याइतकं भरवशाचं नसतं.

शेवटचं, पण पैशाचं

कीबोर्डमधून आपलं सगळं जातं: पिन, ओटीपी, पासवर्ड. त्यामुळे कुणी ‘मराठी कन्नड कीबोर्ड फुकट’ म्हणून लिंक किंवा एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका, भले ती ओळखीच्या नंबरवरून आली असेल. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आजच चालू करा. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. आणि कार्यालयातल्या संगणकावर विंडोज १० असेल तर ध्यानात घ्या, मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. हिशेबाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि पुढची सोय बघा.

आमची यादी आता युनिकोडमध्ये जाते. वर मराठी, खाली कन्नड, मध्ये आकडे. हुबळीहून उत्तर येतं ते एका शब्दाचं, ‘सरी’. म्हणजे ठीक आहे. आम्हाला तेवढं कन्नड आता समजतं.

कुणाला कीबोर्ड बसवून हवा असेल त्यांनी संध्याकाळी फोन घेऊन संस्थेत या. चार्जर विसरू नका.