नियम मोडल्यानंतरचा दिवस

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाकडून एखाद्या दिवशी आहाराचा नियम मोडला जातो, ही घटना शरीराच्या दृष्टीने जितकी किरकोळ असते तितकी ती मनाच्या दृष्टीने क्वचितच असते. आणि खाण्याच्या वर्तनाविषयी गेल्या पन्नास वर्षांत झालेले संशोधन पाहिले, तर बहुतेक प्रयत्न त्या एका जेवणापेक्षा त्या जेवणाचा जो अर्थ लावला जातो त्यापायी फसतात, असे मानण्यास पुष्कळ आधार सापडतो. लग्नाच्या पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा वाढून घेतली जाते किंवा दिवाळीच्या फराळात ठरवलेले प्रमाण विसरले जाते, पाठोपाठ ‘आजचा दिवस गेलाच, आता सोमवारपासून’ असा निश्चय होतो, आणि खरे नुकसान त्या सोमवारच्या वाटेवरच्या दिवसांत होते.

या नुकसानाचा आकार समजण्यासाठी आधी वजनकाटा नेमके काय मोजतो हे पाहावे लागते. शरीरातील चरबीच्या एक किलो ऊतीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते; त्यामुळे एखाद्या मेजवानीत गरजेपेक्षा १,५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या चरबीत रूपांतरित झाल्या असे धरले, तरी वाढ सुमारे २०० ग्रॅमची होते. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एक ते दीड किलो जास्त दाखवू शकतो, आणि त्याचे मुख्य कारण पाणी हे असते. पिष्टमय पदार्थांतून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात, म्हणजे ग्लुकोजच्या लांब शाखायुक्त साखळ्यांच्या रूपात, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम इतकी साठवते, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बांधले जाते. आहार आवरला की हा साठा उतरतो आणि त्यासोबतचे पाणी निघून जाते. पुन्हा पोटभर भात-पोळी-गोड खाल्ले की साठा भरतो आणि पाणी परत येते. पापड, लोणचे आणि चिवड्यातील मीठ, आतड्यांत असलेले अन्न आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्रातील संप्रेरकांचे चढउतार यांची त्यात भर पडते. म्हणजे आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात होणारा आनंद आणि मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी वाटणारी निराशा ही दोन्ही बऱ्याच अंशी पाण्याच्या वजनावर उभी असतात. म्हणूनच एका सकाळच्या आकड्याऐवजी सलग सात दिवसांची सरासरी पाहणे हा शास्त्रीयदृष्ट्या योग्य मार्ग ठरतो.

मनाचा हिशेब मात्र असा सरासरीने चालत नाही, हे १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेल्या एका प्रयोगातून प्रथम स्पष्टपणे दिसले. चवीची परीक्षा आहे असे सांगून त्यांनी काही विद्यार्थिनींना आधी एक, काहींना दोन मिल्कशेक प्यायला दिले, काहींना काहीच दिले नाही, आणि नंतर सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवून हवे तेवढे चाखण्यास सांगितले. एरवी खाण्यावर बंधने न घालणाऱ्या मुलींनी अपेक्षेप्रमाणे मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले. पण ज्या आहारनिग्रही होत्या, म्हणजे वजनाच्या काळजीने सतत मोजूनमापून खाणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्ले. पोट भरलेले असताना भूक वाढण्याचे कोणतेही शारीरिक कारण नव्हते. वाढली होती ती नियम मोडल्याची जाणीव. हर्मन यांच्या दीर्घकालीन सहकारी जेनेट पॉलिव्ही यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले, की प्रत्यक्ष कॅलरींपेक्षा त्यांविषयीची समजूत अधिक प्रभावी ठरते, कारण आधी खाल्लेले पुडिंग भरपूर कॅलरींचे आहे असे ज्या आहारनिग्रही व्यक्तींना सांगण्यात आले त्यांनी नंतर जास्त खाल्ले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोरंटो येथील प्रयोगात तर सर्वांना पिझ्झाचा सारख्याच आकाराचा तुकडा दिला होता. शेजारी लहान तुकडा पाहिल्यामुळे आपला तुकडा मोठा आहे असे वाटलेल्या आहारनिग्रही व्यक्तींनी नंतर अधिक बिस्किटे खाल्ली. मोडलेला नियम अशा वेळी काल्पनिकही असू शकतो, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत याचे भान मात्र ठेवावे लागते. २००९ साली जेनेट टोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारनिग्रही व्यक्तींच्या रोजच्या आयुष्यातील खाण्याची नोंद घेतली, तेव्हा नियम मोडल्यानंतर त्या सरसकट अधिक खात गेल्या असे आढळले नाही. त्यामुळे एका चुकीमागून दुसरी येणे ही माणसाच्या स्वभावात कोरलेली अटळ गोष्ट मानणे चुकीचे ठरेल. ती एक प्रवृत्ती आहे, विशिष्ट परिस्थितीत ती बळावते आणि दुसऱ्या परिस्थितीत दबते, आणि नेमके यामुळेच तिच्यावर काही करता येते.

ती कोणत्या परिस्थितीत बळावते याचे सर्वांत उपयुक्त विवेचन आहारशास्त्रातून आलेले नसून मद्यपानाच्या व्यसनावरील उपचारांतून आले आहे. सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकदा झालेला नियमभंग आणि जुन्या सवयीकडे पूर्णपणे परतणे यांत काटेकोर फरक केला, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत माणूस कसा पोचतो याचे वर्णन ‘संयमभंग परिणाम’ या संकल्पनेतून मांडले. त्यांच्या मते नियम मोडल्यावर माणूस कारण शोधतो. ते कारण त्याला स्वतःच्या स्वभावात, कायमचे आणि आयुष्याच्या सर्व क्षेत्रांना व्यापणारे असे सापडले, म्हणजे ‘माझ्यात निग्रहच नाही’ असे त्याने ठरवले, तर अपराधभाव वाढतो आणि पुढच्या वेळी आवरण्याची इच्छाच उरत नाही. हेच कारण त्याने प्रसंगात शोधले, जसे की दुपारचे जेवण चुकले होते, रात्रपाळी झाली होती, आग्रहाला नकार देण्याची तयारी नव्हती, तर त्याला बदलता येण्याजोगी एक गोष्ट हाती लागते. आपल्याकडे वजनाचा प्रश्न आला की घरचे, शेजारचे आणि कधीकधी उपचार करणारेही इच्छाशक्तीचा विषय काढतात. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी मार्लाट यांची मांडणी लक्षात घेता ते माणसाला पहिल्या प्रकारच्या कारणाकडे ढकलणारे आहे.

इच्छाशक्तीवर भार टाकणे अन्यायाचेही आहे, कारण वजन उतरलेले शरीर आधीच्या शरीरासारखे वागत नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या आणि मेंदूला साठ्याची खबर देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि भूक चेतवणारे, मुख्यतः जठरातून येणारे घ्रेलिन १९९९ साली जपानी संशोधकांना सापडले. २०११ साली मेलबर्न येथील प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी स्थूल आणि जादा वजनाच्या ५० व्यक्तींना १० आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार देऊन त्यांची संप्रेरके मोजली, तेव्हा लेप्टिन घटलेले, घ्रेलिन वाढलेले आणि भूक तीव्र झालेली आढळली. वर्षभरानंतर वजनाचा काही भाग परत आला असतानाही ही स्थिती पूर्णपणे निवळली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ साली याचे प्रमाण काढण्यासाठी मधुमेहावरील अशा एका औषधाच्या चाचणीचा आधार घेतला, जे घेतल्यावर साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि ऊर्जेचा हा ऱ्हास माणसाच्या लक्षातही येत नाही. त्यांच्या हिशेबानुसार कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, पण भुकेची ओढ मात्र दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवलेल्या माणसाला दररोज जवळजवळ ५०० किलोकॅलरी अधिक खाण्याची ओढ सोसावी लागते, हे ध्यानात घेतले, तर काही महिन्यांनी काटा एका जागी थांबणे आणि अधूनमधून नियम मोडला जाणे या दोन्ही गोष्टी अपेक्षित ठरतात.

तथापि चूक साहजिक आहे एवढ्यावरून ती दुर्लक्षिण्याजोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि येथे विषय अवघड होतो. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या व्यक्तींची नोंद अमेरिकेत रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ पासून ठेवली आहे. या यशस्वी लोकांतही परत आलेले वजन पुन्हा पूर्णपणे उतरवणारे थोडेच असतात आणि परत आलेले वजन जितके कमी तितकी सावरण्याची शक्यता जास्त असते, असे त्या नोंदींच्या २००३ मधील विश्लेषणातून दिसले. अमेरिकेतच २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नाताळाच्या सुट्यांच्या काळात १९५ प्रौढांचे वजन सरासरी अवघे ०.३७ किलोने वाढल्याचे दिसले, जे त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी होते. पण ही छोटी वाढ नंतरच्या महिन्यांत उतरली नाही. म्हणजे सणातले खाणे माणसांना वाटते तितके घातक नसते, आणि तरीही वर्षानुवर्षे साचत जाणारे वजन अशाच छोट्या, न उतरलेल्या वाढींतून तयार होते.

घाबरायचे नाही आणि डोळेझाकही करायची नाही, ही दुहेरी गरज ज्या प्रयोगाने उत्तम रीतीने भागवली तो रेना विंग यांच्याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केला, आणि त्याची रचना सविस्तर सांगण्यासारखी आहे. आधीच्या दोन वर्षांत आपल्या वजनाच्या किमान दहा टक्के वजन उतरवलेल्या ३१४ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. दोन गटांना रोज वजन करण्यास आणि त्या आकड्याला वाहतुकीच्या सिग्नलसारख्या तीन रंगांत बसवण्यास शिकवले, तर तिसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके पाठवली. सुरुवातीच्या वजनापासूनची वाढ साधारण सव्वा किलोच्या आत असेल तर हिरवा रंग आणि त्याबद्दल छोटे बक्षीस. त्याहून थोडी जास्त असेल तर पिवळा, म्हणजे आहारात लगेच लहानसा बदल. आणि सव्वादोन किलोच्या पुढे गेली तर लाल, म्हणजे वजन उतरवण्याचा मूळ कार्यक्रम पुन्हा सुरू करणे आणि मदत मागणे. दीड वर्षानंतर माहितीपत्रकांच्या गटातील ७२.४ टक्के व्यक्तींचे वजन २.३ किलो किंवा अधिक वाढले होते, तर रोज वजन करायला शिकवलेल्या दोन गटांपैकी प्रत्यक्ष भेटींतून मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. या पद्धतीचे बळ असे, की काय करायचे हा निर्णय आकडा दिसण्यापूर्वीच झालेला असतो. आकडा दिसताच स्वतःचा निवाडा करत बसण्याची वेळच येत नाही.

निर्णय आधीच करून ठेवण्याच्या या तत्त्वाला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर योजना’ या नावाने अभ्यासले आहे. ‘या महिन्यात बेताने खाईन’ हा नुसता संकल्प झाला; ‘पंगतीत गोड पुन्हा वाढायला आले, तर ताटावर हात आडवा धरीन’ किंवा ‘रात्री जास्त खाल्ले गेले, तर सकाळचा नाश्ता नेहमीच्याच वेळी आणि नेहमीचाच घेईन’ ही योजना झाली. यांतील दुसरे उदाहरण मुद्दाम दिले आहे, कारण चुकीचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी कडक उपास करण्याची आपल्याकडे सोपी आणि प्रतिष्ठित वाट उपलब्ध आहे. पण दिवसभराच्या उपाशीपणानंतर संध्याकाळी ताबा सुटणे साहजिक असते, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्यांच्या लाडवांनी उपासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्तही कॅलरी पोटात जाऊ शकतात, आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना असा अचानक उपास धोक्याचा ठरतो.

चुकीनंतर स्वतःशी मायेने वागणे म्हणजे स्वतःला मोकळे रान देणे, ही भीती सार्वत्रिक असली तरी प्रयोगांत ती खरी ठरलेली नाही. २००७ साली क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी तरुणींना डोनट खायला देऊन त्यांतील काहींना ‘असे सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला दोष देऊ नका’ असे सहजपणे सांगितले, तेव्हा हे ऐकलेल्या आहारनिग्रही तरुणींनी नंतर गोळ्या-चॉकलेटे कमी खाल्ली. सवयींच्या बाबतीतही असाच दिलासा देणारी नोंद आहे: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांचा १२ आठवडे अभ्यास केला, त्यात नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा अंदाज व्यक्तीनुसार १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. ज्यांचा ताबा मात्र वारंवार पूर्ण सुटतो, जे लपून खातात किंवा खाल्ल्यावर ओकारी काढतात, त्यांच्यासाठी यांतील कोणतीही युक्ती पुरेशी नाही. तो उपचार करण्याजोगा आजार असतो आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाची मदत घेणे आवश्यक असते.

शेवटी, काटा हलत नाही म्हणून प्रयत्न सोडणाऱ्यांना भारतातीलच एक निष्कर्ष सांगायला हवा, कारण तो आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतही फारसा सांगितला जात नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आहार आणि चालण्याचा सल्ला मिळालेल्या गटात मधुमेह होण्याची जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली, आणि ती घटली तेव्हा त्या गटाचे सरासरी वजन लक्षणीयरीत्या कमी झालेले नव्हते.